आस्को वान्हातालोची चूक

बर्फावरच्या हॉकीत बचावात खेळणाऱ्या माणसाला आमच्याकडे पाक्की म्हणतात. गाडी मागे घ्यायच्या गियरलाही पाक्कीच म्हणतात, सुताराच्या हत्यारांच्या पेटीलाही तेच, आणि नाचाच्या कार्यक्रमात पोरीने नकार दिला की ‘त्याला पाक्की मिळाली’ म्हणून चार लोक हसतात. एका शब्दाचे सगळे अर्थ एकाच माणसाच्या वाट्याला यावेत असं सहसा होत नाही. आस्को वान्हातालोच्या बाबतीत ते झालं.

तो आमच्या कोर्पिवेसीचाच. बाप कागद कारखान्यात तीन नंबरच्या यंत्रावर, आई कारखान्याच्या खानावळीत. सात वर्षांचा असताना त्याला मोठ्या भावाचे स्केट मिळाले, टाचेत वर्तमानपत्र कोंबून. गोठलेल्या तळ्यावर पोरांना शिकवायला कारखान्यातलाच एक फिटर यायचा. त्याची निवड करायची पद्धत सोपी होती. सगळ्यांना एक फेरी मारायला लावायची; पुढे आले ते हल्ल्यात, मागे राहिले ते बचावात, आणि जो पोहोचलाच नाही त्याला गोलात उभा करायचा. आस्को शेवटून तिसरा आला. फिटर म्हणाला, “तू पाक्की,” आणि पुढची सत्तावीस वर्षं त्यात कुणी बदल केला नाही.

अठराव्या वर्षी तो क्लबच्या मुख्य संघात आला आणि तिथेच राहिला. सोळा हंगामांत त्याने एकोणीस गोल केले. त्यातले चार दुसऱ्याच कुणाच्या तरी ढुंगणाला लागून आत गेले, हे तो स्वतःच सांगायचा. गोल करणं त्याचं कामच नव्हतं. आपल्या जाळ्यासमोर उभं राहायचं, आलेल्याला ढकलायचं, कोपऱ्यात भिंतीवर आपटून घ्यायचं आणि चकती आली की नडगी पुढे करायची. सामना संपल्यावर त्याचं नाव कुणाच्या तोंडी नसलं तर समजायचं, आज आस्को चांगला खेळला. अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत. हाडं मात्र झिजतात. उजवा खांदा दोनदा निखळला, एका पायाची तीन बोटं कायमची वाकली, आणि दातांचं म्हणाल तर त्याची बायको किर्सी गावातल्या दंतवैद्याकडे नावनोंदणीच्या खिडकीवर बसायची, तिला त्याचा सगळा हिशेब तोंडपाठ होता.

“तुझे दात माझ्या फायलीत जास्त आणि तोंडात कमी,” ती म्हणायची.

“फायलीतले दुखत नाहीत,” आस्को म्हणायचा.

तिशी ओलांडल्यावर तर त्याला एकच गोष्ट हवी असायची, बसायला मिळावं. सामन्यासाठी सहा-सहा तास बस, मग मार खाणं, मग पुन्हा सहा तास बस. घरी आला की बूट काढायला ओसरीच्या बाकावर बसायचा आणि तिथेच अर्धा तास बसून राहायचा. किर्सी आधी रागवायची, मग कॉफी तिथेच आणून द्यायला लागली.

या सगळ्यात त्याच्या बरोबर एक माणूस होता, रेयो कुक्कोला. पाक्की नेहमी जोडीने खेळतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. नऊ वर्षं आस्को डावीकडे आणि रेयो उजवीकडे. नवरा-बायकोचं पटो न पटो, या दोघांचं पटलं पाहिजे, कारण एकाने चूक केली तर तोंडघशी दुसरा पडतो. नऊ वर्षांत ते दोघं असे झाले होते की चकती देताना मान वर करून बघायचीसुद्धा गरज उरली नव्हती. रेयो जिथे असायला हवा तिथे असायचाच. स्वभावाने मात्र दोन टोकं. आस्को बोलायला कंजूष, रेयो बडबड्या. म्हणजे आमच्या गावाच्या मापाने बडबड्या, तासाला चार वाक्यं.

चौऱ्याण्णवच्या नोव्हेंबरात सरावात कुणाच्या तरी स्टिकचं टोक रेयोच्या डाव्या डोळ्यात गेलं. सूज उतरली, पट्टी निघाली, तो पुन्हा खेळायला लागला. महिनाभराने परगावाहून परत येताना बसमध्ये आस्कोने त्याला विचारलं,

“डाव्या डोळ्याने काय दिसतं रे तुला?”

“दूध.”

“म्हणजे?”

“म्हणजे दूध. दूध पातळ असेल त्या दिवशी माणूस हलताना कळतो.”

“डॉक्टर काय म्हणाला?”

“म्हणाला, खेळणं सोड. मी म्हटलं, बरं.”

“मग?”

“मग काय, बसलोय ना तुझ्या शेजारी.”

रेयोची दोन पोरं लहान होती आणि खेळण्याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं.   आस्को म्हणाला, “उद्यापासून तू डावीकडे खेळ. मी उजवीकडे जातो. म्हणजे मी कायम तुझ्या चांगल्या डोळ्याकडे राहीन. कोचला सांगतो, खांदा दुखतो म्हणून बाजू बदलली.”

“आणि भिंतीकडून कुणी आलं तर?”

“मी ओरडेन.”

“तू? ओरडणार?” रेयो हसला. मग हसता हसता त्याने तोंड फिरवलं.

एक नियम ठरला. रेयोच्या डाव्या हाताकडून त्याला चकती कधी म्हणजे कधीच द्यायची नाही. चौदा वर्षं एका बाजूने खेळलेल्या माणसाला चौतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर बाजू बदलायला लावणं म्हणजे डावखुऱ्याला उजव्या हाताने दाढी करायला लावण्यासारखं आहे. प्रत्येक चकती उलट्या हाताने घ्यायची, प्रत्येक वळण नव्याने शिकायचं, वर दर पाच सेकंदांनी जोडीदाराच्या डाव्या बाजूवर नजर. आस्को दोघांच्या वाटचा बघत होता आणि दोघांच्या वाटचा थकत होता. दीड हंगाम हे निभलं. कोचला कळलं नाही, संघाला कळलं नाही. किर्सीला कळलं, तिला तो रात्री झोपेत ओरडताना ऐकू यायचा, “डावीकडून! डावीकडून!”

शहाण्णवच्या मार्चमध्ये आमचा क्लब वरच्या लीगमधून खाली घसरायच्या बेतात आला. शेवटचा सामना घरच्या रिंकवर होता. बरोबरी झाली तरी आम्ही वर राहणार होतो. गावात चौदा हजार माणसं आणि रिंकमध्ये चार हजार जागा. उरलेली दहा हजार रेडिओला चिकटून बसलेली. शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा दोन-दोन झालेलं होतं.

तेव्हा समोरच्या संघाने फाऊल केला आणि पंचाचा हात वर गेला. अशा वेळी चकती आपल्याकडे असेपर्यंत शिट्टी वाजत नाही. मग आपला गोलरक्षक धावत बाकड्याकडे येतो आणि त्याच्या जागी सहावा हल्लेखोर मैदानात उडी घेतो. जाळं रिकामं असतं, पण भीती नसते, कारण समोरच्याच्या ताब्यात चकती गेली की खेळ थांबतोच. रिकाम्या जाळ्यात गोल व्हायचा एकच मार्ग राहतो, तो आपणच आपल्यात घातला तर. एवढं मूर्ख कोण असतं?

आस्को तेव्हा दीड मिनिट सलग मैदानात होता. एरवी पाऊण मिनिटात माणूस बदलतात. पायांचं लाकूड झालं होतं, तोंडात लोखंडाची चव आली होती. चकतीच्या मागे तो समोरच्या जाळ्यामागून वळसा घालून डाव्या कोपऱ्यात पोहोचला. डाव्या कोपऱ्यात. चौदा वर्षांच्या आपल्या जुन्या बाजूला. तिथे सगळं ओळखीचं होतं, भिंत ओळखीची, हात ओळखीचा. उजवीकडे सहावा आलेला लाउरी एकटा उभा होता आणि स्टिक बर्फावर आपटत होता. आस्कोने तिकडे बघितलं नाही. मान खाली ठेवून त्याने चकती मागे, हल्ल्याची हद्द दाखवणाऱ्या निळ्या रेषेवर उभ्या रेयोला दिली. डाव्या हाताकडून.

रेयो लाउरीकडे बघत होता. चकती त्याच्या स्टिकपासून वीतभर अंतरावरून गेली आणि त्याला ती दिसलीच नाही. मग ती मैदानाची सगळी लांबी घसरत गेली. काही लोक अजून म्हणतात की तिला दहा सेकंद लागले. तेवढे लागले नसतील. पण ती इतकी सावकाश चालली होती की चार हजार माणसांना उभं राहायला वेळ मिळाला, आणि रिंकमध्ये एवढी शांतता पसरली की चकती जाळ्याच्या दोरीला टेकल्याचा आवाज वरच्या रांगेत ऐकू आला.

आम्ही खालच्या लीगमध्ये गेलो. त्या दिवशी रिंकमधून बाहेर पडताना कुणी शिवी दिली नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात दिली नाही. पुढच्या आठवड्यात नाही, पुढच्या वर्षी नाही. हे आमच्या गावाचं वळण आहे. दुसऱ्याच्या दुखण्याला हात लावायचा नाही, अळीमिळी गुपचिळी. लोक नेमाने ‘नमस्कार’ म्हणत, हवेबद्दल बोलत, आणि आस्को दारातून आत आला की टेबलावरची हॉकीची गोष्ट मासेमारीवर नेत. हा मोठेपणा आहे असं आम्हाला सगळ्यांना वाटायचं. आस्कोला ते कसं वाटतं हे विचारलं असतं तर तोच मोठेपणा मोडला असता.

त्याने खेळणं सोडलं आणि कारखान्याच्या गोदामात कागदाचे रोल उचलणारी गाडी चालवायला लागला. रोल एवढे मोठे की पुढचं दिसत नाही, त्यामुळे गाडी बहुतेक वेळ मागेच न्यायची. रेयो दोन वर्षं खालच्या लीगमध्ये खेळला, मग सासऱ्याच्या लोखंडी सामानाच्या दुकानात बसला.

आणि इथून खरं दुखणं सुरू झालं. रेयोने मनाशी पक्कं धरलं होतं की दोष त्याच्या डोळ्याचा. त्या कोपऱ्यातून आस्कोला दुसरीकडे द्यायला जागाच नसणार. त्याने नाइलाजाने दिली आणि आपल्याला ती दिसली नाही. डोळ्याचं एक वाक्य बोलला असता तर आस्को सुटला असता, पण जोडीदाराचं गुपित राखायला तो गावाच्या नजरेतून उतरला. सामन्याची टेप रेयोने कधी बघितली नाही, हिंमतच झाली नाही. आणि आस्कोने त्याला कधी सांगितलं नाही.

पहिल्या हिवाळ्यात आस्को सकाळी कामावर जायला उठला तर अंगणातला बर्फ काढलेला. दुसऱ्या दिवशीही. रेयो अंधार असतानाच फावडं घेऊन यायचा आणि कुणी उठायच्या आत जायचा. उन्हाळ्यात सरपणाची रास लावून द्यायचा. मासे धुरावर भाजले की अर्धे वान्हातालोंकडे. आस्कोच्या वाढदिवसाला रेयोची बायको न चुकता केक भाजायची.

“त्याला सांगून टाक,” किर्सी म्हणायची. तिला सगळं माहीत होतं.

“काय सांगू?”

“की तू विसरलास.”

“सांगतो.”

“कधी?”

“बर्फ वितळला की.”

असे आठ बर्फ वितळले. आस्को वाईट माणूस नव्हता, पण थकलेला होता, आणि थकलेल्या माणसाला कुणी मोठा समजत असेल तर ते नाकारायला फार बळ लागतं. सगळ्या गावात एकच घर होतं जिथे त्याच्याकडे मान वर करून बघत. ते घर त्याला सोडवेना.

दोन हजार चारच्या फेब्रुवारीत बर्फ फार पडला. रेयो आस्कोच्या छपरावर चढून बर्फ खाली ढकलत होता, पाय सटकला आणि तो फावड्यासकट अंगणात आपटला. आस्को मोज्यांवरच बाहेर पळत आला. रेयो उताणा पडला होता, कुशीला हात धरून. बरगड्या मोडल्या होत्या, हे दोघांनाही आवाजावरूनच कळलं. त्या बाबतीत दोघं जाणकार. रेयोने त्याच्याकडे बघितलं आणि दात विचकून हसत म्हणाला,

“काय रे, आता तरी थोडं फिटलं का?”

 तिसऱ्या दिवशी आस्को रेयोच्या घरी गेला, दारात बूट काढले, स्वयंपाकघरात बसला. रेयो पट्टे बांधून ताठ बसला होता. कॉफी ओतून झाली, वेलदोड्याचा पाव कापून झाला.

“त्या दिवशी उजवीकडे लाउरी मोकळा होता,” आस्को म्हणाला.

“कोणत्या दिवशी?”

“त्याच. त्याला द्यायला हवी होती. मी तुला दिली. डाव्या हाताकडून.”

“नाइलाज झाला असेल.”

“नाइलाज नव्हता. विसरलो. दमलो होतो, जुन्या बाजूला होतो, तुझा डोळा डोक्यातून गेला. नेहमीसारखी दिली.”

रेयोने कप खाली ठेवला. “म्हणजे तू माझ्यासाठी गप्प राहिला नाहीस.”

“डोळ्याचं वचन दिलं होतं, म्हणून गप्प. पण दोष माझाच होता. तुझ्या वाटचं मी काही घेतलेलं नाही.”

“आणि हे तू मला आठ वर्षांनी सांगतोयस.”

“हो.”

“माझ्या बायकोने तुला आठ केक भाजले रे!” रेयो ओरडला आणि बरगडीला हात लावून कळवळला. “आठ हिवाळे मी पहाटे तुझं अंगण साफ करतोय, मला लोकांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, रोज वाटायचं, या माणसाचं आयुष्य मी नासवलं. आणि तू आतून पडद्याआडून बघत होतास?”

आस्को खरंच पडद्याआडून बघायचा. 

“ऊठ. बूट घाल.”

त्यानंतर अंगणातला बर्फ आस्को स्वतः काढायला लागला. खांदा ठणकायचा, पण झोप बरी लागायची. त्याला वाटलं, मित्र गेला तर गेला, निदान खोटं तरी गेलं.

पण हात धुऊन मागे लागलेलं नशीब असं सोडत नाही. एप्रिलमध्ये रेयो पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या टेबलावर बसला होता, गावातले सगळे निवृत्त कोच तिथेच सापडतात, आणि बोलता बोलता त्याने आपल्या डोळ्याचं सांगून टाकलं. आता लपवायचं कारण उरलं नव्हतं. “त्या वेळी मला डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं,” एवढंच तो म्हणाला. त्याच्यापुरतं ते खरं होतं. उरलेली गोष्ट गावाने रचली. दुपारपर्यंत सगळ्या कोर्पिवेसीला कळलं की आस्को वान्हातालोने आंधळ्या मित्राला वाचवायला आठ वर्षं मूग गिळून बदनामी सोसली.

आठ वर्षांत जे त्या गोलाबद्दल एक अक्षर बोलले नव्हते ते आता रस्त्यात थांबवून हात धरायला लागले. दुकानातल्या बाईने मासे तोलता तोलता डोळे पुसले. कारखान्यात फोरमन म्हणाला, “अरे, बोलला का नाहीस?”

“बोलण्यासारखं नव्हतं. चूक माझी होती.”

“हेच! हेच म्हणतो मी,” फोरमन म्हणाला आणि त्याच्या दुखऱ्या खांद्यावर थाप मारली.

इथे आमच्या गावाची एक खोड सांगितली पाहिजे. जो म्हणेल ‘मी चांगलं केलं’, त्याच्यावर आम्ही विश्वास ठेवत नाही. जो म्हणेल ‘मी चुकलो’, त्याने नक्कीच काहीतरी मोठं केलेलं असणार असं आम्ही धरून चालतो. त्यामुळे आस्को जितक्या वेळा खरं सांगे, तितका तो लोकांच्या नजरेत उंच होई. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. मे महिन्यात क्लबचे अध्यक्ष पेंटिला फुलं घेऊन घरी आले.

“समितीने ठरवलंय,” ते म्हणाले, “तुझा चौदा नंबर गोठवायचा. सप्टेंबरच्या पहिल्या सामन्याला. जर्सी छताला टांगू, हा नंबर पुन्हा कुणाला मिळणार नाही.”

“नको,” आस्को म्हणाला. “पेंटिला, ऐक. मी विसरलो होतो. लाउरी मोकळा होता. मी गाढवासारखी चुकीच्या बाजूने दिली. तो गोल माझा आहे.”

पेंटिला किर्सीकडे वळले. “ऐकलंस? अजूनही मित्राला पाठीशी घालतोय.” आणि त्यांनी फुलं तिच्या हातात दिली.

ते गेल्यावर किर्सीने फुलं बादलीत ठेवली, कारण फुलदाण्या संपल्या होत्या.

“परत सांग त्यांना.”

“सांगितलं की आणखी फुलं येतात,” आस्को म्हणाला आणि ओसरीच्या बाकावर बसला. आधीची आठ वर्षं परवडली असं त्याला वाटत होतं. तेव्हा लोक गप्प होते, पण ज्याची चूक होती त्याच्या नावावर तरी होती. आता तीही त्याच्याकडून काढून घेतली होती. सत्तावीस वर्षं खेळून स्वतःचं म्हणावं असं त्याच्यापाशी एवढंच उरलं होतं, आणि ते कुणी त्याचं म्हणू देत नव्हतं.

ऑगस्टमध्ये तो रेयोच्या दुकानात गेला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. रेयो खिळे निवडत होता.

“तू सांग त्यांना,” आस्को म्हणाला. “तुझं ऐकतील.”

“मी का सांगू? माझा डोळा मी सांगितला. तुझी चूक तुझी तू सांग.”

“सांगतोय. ऐकत नाहीत.”

“बरं झालं,” रेयो म्हणाला, मान वर न करता. “जे आपलं नाही ते पाठीवर घेऊन फिरायचं कसं असतं, बघ जरा. मी आठ वर्षं फिरलो.”

 आस्को काही न घेता निघाला, मग दारातून परत येऊन बर्फाचं एक फावडं घेतलं, कारण दुकानातून रिकाम्या हाताने जाणं त्याला बरं वाटेना.

सप्टेंबरात रिंक भरली. बर्फावर लाल गालिचा, त्यावर मायक्रोफोन, छतापासून दोन दोऱ्या लोंबत असलेल्या आणि त्यांना गुंडाळलेली चौदा नंबरची जर्सी. किर्सी पहिल्या रांगेत, चेहरा दगडासारखा. आस्को एकुलत्या एका सुटात उभा होता आणि त्याचे गुडघे दुखत होते. पेंटिलांनी भाषण केलं. त्यागाबद्दल बोलले, मैत्रीबद्दल बोलले, कोर्पिवेसीच्या मातीबद्दल बोलले. मग आस्कोसमोर मायक्रोफोन आला.

“चूक माझीच होती,” आस्को म्हणाला.

चार हजार माणसं उठून उभी राहिली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आस्कोने हात हलवून नको-नको केलं, तसा तो वाढला. त्याने मग मान खाली घातली. इतका दमलेला तो त्या दीड मिनिटानंतरही नव्हता.

जोडीदार म्हणून रेयोला दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. तो गालिच्यावरून चालत आला, आस्कोकडे न बघता मायक्रोफोनपाशी गेला आणि टाळ्या थांबेपर्यंत थांबला. मग वळून त्याने आस्कोकडे बघितलं. पडलेले खांदे, ढगळ सूट. 

“बसा,” तो लोकांना म्हणाला. “हा माणूस पाच महिने तुम्हाला एक गोष्ट सांगतोय आणि तुम्ही टाळ्या वाजवताय. हा विनयाने बोलत नाहीये. ह्याला विनय-बिनय काही नाही, नऊ वर्षं मी बसमध्ये ह्याच्या शेजारी झोपलोय. माझा डावा डोळा गेलाय हे ह्याला माहीत होतं. डावीकडून चकती द्यायची नाही हे ह्यानेच ठरवलं होतं. उजवीकडे लाउरी मोकळा उभा होता. आणि ह्याने दिली डावीकडून. विसरला. माझ्यासाठी ह्याने खूप केलं, दीड वर्ष केलं, ते मी विसरणार नाही. पण तो गोल ह्याचा आहे. चूक ह्याची होती. ती ह्याला द्या.”

पेंटिलांच्या हातात जर्सीची दोरी होती. ती ओढावी की सोडावी हे त्यांना कळेना. रिंकमध्ये तशीच शांतता झाली जशी चकती घसरत होती तेव्हा होती. आस्कोने मान वर केली. कुठून सुरुवात होईल याची तो वाट बघत होता असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

सुरुवात वरच्या रांगेतून झाली. तीन नंबरच्या यंत्रावरचा एक निवृत्त म्हातारा उभा राहिला.

“गाढवा!” तो ओरडला. आवाज चिरका होता पण सगळीकडे पोहोचला. “मान वर करून बघायचं होतंस की!”

“हो,” आस्को म्हणाला. मायक्रोफोन दूर होता, तरी तो म्हणाला.

“आठ वर्षं! आठ वर्षं खालच्या लीगमध्ये सडतोय आम्ही!” दुसऱ्या बाजूने कुणीतरी.

“हो.”

“मी माझा रेडिओ फोडला होता त्या दिवशी! नवा रेडिओ!”

“माझ्या पोराने आठवडाभर जेवण टाकलं होतं, मठ्ठा!”

मग धरण फुटल्यासारखं झालं. कोर्पिवेसीत एवढा आरडाओरडा त्याआधी कुणी ऐकला नव्हता. लोक बाकांवर उभे राहून हातवारे करत होते, आठ वर्षं गिळलेलं सगळं बाहेर येत होतं, कुणी शिव्या देत होतं, कुणी शिव्या देता देता हसत होतं. किर्सीही उभी राहून काहीतरी ओरडली. काय ते ऐकू आलं नाही. आस्को गालिच्यावर उभा राहून प्रत्येकाकडे तोंड वळवत होता आणि प्रत्येकाला मान डोलावून हो म्हणत होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. रेयो जवळ येऊन त्याला खांदा लावून उभा राहिला.

हळूहळू लोक दमले, बसायला लागले. तेव्हा बर्फाजवळच्या रांगेतली एक म्हातारी काठी टेकत उठली. तिने ओरडायचा प्रयत्न केला नाही. ती आस्कोपासून दहा पावलांवर होती.

“माझा नवरा त्या सामन्यानंतरच्या उन्हाळ्यात गेला,” ती म्हणाली. “शेवटच्या आठवड्यात त्याला मी कोण हे कळत नव्हतं. पण म्हणायचा, लाउरीला दे. लाउरीला का नाही दिली?”

आस्को दहा पावलं चालून तिच्यापाशी गेला.

“बरोबर म्हणत होता तो,” आस्को म्हणाला.